दोघंही फरशीवर

मुलांनी आमची वाटणी करून ठेवली होती. घराची नाही, भांड्यांची नाही, आमची. आई धाकटीकडे आणि बाबा थोरल्याकडे. धाकटी म्हणजे माझी मुलगी, थोरला म्हणजे मुलगा. दोघं दोन वेगळ्या गावांत राहतात आणि दोघांचीही घरं एवढीशी, त्यात जास्तीची एकच खाट मावते. म्हणून एकाने आईला न्यायचं आणि दुसऱ्याने बापाला, असं त्यांनी आपापसांत फोनवर ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं, शाळेची वेळ बदलल्याचं पालकांना कळवतात तसं.

मी पुष्कळ बोलले. माझी जीभ कशी आहे ते मुलांना जन्मापासून माहीत आहे. शेवटी तडजोड झाली. आम्ही दोघांनी इथेच राहायचं, पण आई पुन्हा एकदा जरी पडली तरी सामानाची गाडी बोलवायची आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्याकडे पोचवायचं. "मग रडायचं नाही आणि ओरडायचं नाही," थोरला म्हणाला. मी म्हटलं, "मी कधी रडले रे?" ओरडण्याबद्दल मी काही बोलले नाही.

'पुन्हा' अशासाठी, की थंडीत मी एकदा बाथरूममध्ये पडले होते. घरात एकटीच होते. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही, फक्त उठता येईना. ज्याच्यावर ही वेळ आली नाही त्याला हे कळायचं नाही. हात आहेत, पाय आहेत, अक्कलही शाबूत आहे, आणि तरी फरशीपासून कमोडच्या उंचीपर्यंत जायचं म्हणजे डोंगर चढायचा. मी ओरडले, बादली बडवली. नळ गळत राहिला आणि अंग गार पडत गेलं. धाकटी त्या दिवशी कामासाठी इकडे आली होती आणि तिच्याकडे आमची किल्ली असते, म्हणून निभावलं. दारात उभं राहून तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं कुणीच आपल्या आईकडे पाहू नये. तिला वाटलं, आई गेली. तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ फोन करते आणि 'हॅलो'च्या आधी 'पडली नाहीस ना?' विचारते. मी चिडते, पण तिचं काही चुकत नाही हेही मला समजतं.

आता मुकादमांविषयी सांगायला हवं. मुकादम म्हणजे माझे मिस्टर. समोर मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण सगळी गल्ली त्यांना मुकादम म्हणते, म्हणून पाठीमागे मीही तेच म्हणते. घरसामान हलवणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. लोखंडी कपाटं, पियानो, संगमरवरी टेबलं, सगळं अरुंद जिन्यातून वर चढवायचं आणि भिंतीला ओरखडा येऊ द्यायचा नाही. उचलणारे उचलतात. मुकादम पुढे उभा राहून सांगतो, आता डावा कोपरा, आता टेकव, आता दम घ्या. तो ओझ्याला हात लावत नाही. हात लावला की त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे जातं आणि जिन्यावर कुणाचा तरी पाय चेपतो. हा त्यांच्या धंद्यातला नियम. पण तो कपाटांपुरता. बायकोला उचलायला टोळी बोलावता येत नाही, त्यामुळे ते काम आपलं एकट्याचं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं.

त्या पडण्यानंतर डॉक्टरांनी मला व्यायामाच्या वर्गाला पाठवलं. वर्ग घेणारी एक तरतरीत मुलगी होती, आम्ही तिला व्यायामवाली म्हणायचो. खुर्चीवरून हात न लावता उठा, टाचा उचला, एका पायावर उभ्या राहा, असं तिचं चालायचं. एके दिवशी तिने जाड गाद्या पसरल्या आणि म्हणाली, "आज पडल्यावर एकट्याने कसं उठायचं ते शिकायचंय." आधी तिने स्वतः आडवं होऊन दाखवलं, मग एकेकाला आडवं केलं. माझी पाळी आली. मी कुशीवर वळते न वळते तोच भिंतीशी बसलेले मुकादम उठून आले.

"हिला कशाला शिकवताय? मी आहे ना!" असं म्हणून त्यांनी माझ्या काखेत हात घातले आणि मला उभी केली.

अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. एक आजीबाई तर म्हणाल्या, "नशीब लागतं हो असा नवरा मिळायला." व्यायामवालीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. "काका, तुम्ही घरात नसाल तेव्हा?" तिने विचारलं.

"मी नसायला जातो कुठे?" मुकादम म्हणाले. बाथरूमच्या वेळी ते सलूनमध्ये दाढीचा साबण वाळेपर्यंत गप्पा मारत बसले होते, हे त्यांच्या सोयीने विस्मरणात गेलं होतं.

पुढच्या वेळीही हेच झालं आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? या वयात चारचौघांत आपल्याला कुणी उचलतं, ही काय लहान गोष्ट झाली? शिकायला जायची मी आणि नुसतं स्वतःला उचलून घेऊन घरी यायची.

आणि मग तो रविवार. संध्याकाळी दोन्ही मुलं जेवायला यायची होती. मी शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे शाळा उघडायच्या दिवसांत मला रविवारबिविवार नसतो. माझी शिवणाची खोली म्हणजे खोली कसली, बोळ आहे. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कापड बेतायचं टेबल, मधे मी. सकाळी मशीनवरून उठले, खाली पडलेल्या कापडाच्या पट्टीत पाय गुंतला आणि मी आधी बसल्यासारखी आणि मग लोळल्यासारखी फरशीवर आले. लागलं की नाही हे कळायच्या आधीच तोंडातून निघालं, "गेलं घर!"

मुकादम स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. हातात सोलाणं तसंच घेऊन धावत आले.

"हलू नकोस, मी आलो."

"अहो थांबा. आधी बघू द्या, कुठे दुखतंय का..."

पण थांबतील तर ते मुकादम कसले! त्यांनी सोलाणं टेबलावर ठेवलं, पाय फाकवले, गुडघे वाकवले, माझ्या काखेत हात घातले आणि स्वतःच स्वतःला हुकूम सोडला, "हां... उचल!"

मी जमिनीपासून वीतभर उचलले गेले. तिथे त्यांच्या कमरेतून काहीतरी चमकलं, त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि कपाट आणि हमाल दोन्ही खाली आले. मी पुन्हा होते तिथे. ते माझ्या शेजारी, एक पाय टेबलाखाली आणि एक कोपर माझ्या पोटावर.



"कोपर काढा," मी म्हटलं.

त्यांनी कोपर काढलं. "आता गं?"

आता म्हणजे काय, सगळाच आनंद होता. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला. दाराला आतून कडी, म्हणजे धाकटीची किल्लीही बिनकामाची. भिंतीपलीकडे शेजारीण होती, पण तिला धाकटीने फितवून ठेवलं होतं. या घरात खुट्ट झालं तरी ती आधी धाकटीला फोन लावते आणि मग आमच्या दाराशी येते.

"मारू का शेजारणीला हाक?" मुकादमांनी विचारलं.

"हे बघा," मी म्हटलं, "कुठे मोडल्यासारखं वाटत असेल, चक्कर येत असेल, तर आत्ताच्या आत्ता हाक मारू. वाटणी गेली खड्ड्यात. नीट हलवून बघा आणि खरं सांगा."

आम्ही छताकडे बघत एकेक अवयव तपासला. बोटं, घोटे, गुडघे, खुबा, मान. माझा ढोपराजवळ मुका मार होता. त्यांच्या कमरेत चमक होती, पण पाय दोन्ही हलत होते. दुकान एकंदर चालू होतं.

"मग थोडा दम घेतो," ते म्हणाले, "आणि तुला उचलतो."

तिथे माझ्या रागाचा जो भडका उडाला तो काही विचारू नका. आडवं पडून भांडायचं म्हणजे हातवारेही करता येत नाहीत, सगळा जोर तोंडावरच. "काय उचलता? कशाला उचलता? आता उचललंत म्हणूनच दोघं इथे पडलोय ना? त्या पोरीकडे चार धडे घ्यायचे तर तिथेही उचललंत. इतकी वर्षं टोळीला शिकवलंत की मुकादमाने ओझ्याला हात लावायचा नाही. मग माझ्याच वेळी कुठे गेला तो नियम?"

 त्यांच्या कानाजवळची शीर उडताना मला दिसत होती. मग ते हळूच म्हणाले, "तुला आठवतंय का, ती मुलगी काय सांगायची ते?"

"मला कुठून आठवणार? मला करू कधी दिलंत?"

"मला आठवतंय," मुकादम म्हणाले. "मी भिंतीशी बसून बघत होतो ना. आठवतंय बहुतेक सगळं. आधी काय हलतं, मग वजन कुठे जातं..."

खरंच होतं ते. मी सोडून वर्गातला प्रत्येक म्हातारा उठताना त्यांनी पाहिला होता, आणि ज्या डोळ्यांनी जिन्यातला पियानो बघायचे त्याच डोळ्यांनी पाहिला होता. शिकलेला माणूस होता, तो फक्त चुकीच्या कामाला लागला होता.

"मग सांगा," मी म्हटलं. "मी करते. बोट जरी लावलंत तरी बघा."

त्यांनी घसा खाकरला. आवाज बदलला. हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "टेबलाच्या बाजूला नको, तिथे जागा नाही. मशीनच्या बाजूला वळ. कुशीवर. गुडघे वाकव आधी. हां. आता खालचं कोपर टेकव. वरचा हात समोर, तळवा फरशीवर. ढकल. हळू! दम घे. घाई कशाची? जिना कुठे पळून जात नाही."

मी कोपरावर आले. मग तळव्यांवर. मग ढुंगण वर करून गुडघ्यांवर, लहान मूल रांगायला लागताना करतं तशी. उजवा गुडघा फरशीला लागला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुकादमांनी मोकळ्या पायाने गणवेशाच्या कापडाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि मी तो गुडघ्यांखाली घेतला. ज्या शाळेचं कापड होतं तिने मला माफ करावं.

समोरच माझं शिवणाचं स्टूल होतं. मी त्याला धरायला हात टाकला. त्या स्टुलाला चाकं आहेत. ते सुळकन पुढे गेलं आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले.

"सोड!" मुकादम गरजले. "चाकाच्या सामानाला कधी टेकायचं नसतं! बाहेर जा. जेवणाच्या टेबलाची जड खुर्ची, भिंतीला टेकलेली आहे ती. तीच धरायची."

बाहेर म्हणजे अख्खी बैठकीची खोली ओलांडायची. गठ्ठा पुढे ढकलायचा, त्यावर गुडघे आणायचे, पुन्हा ढकलायचा. मुकादमांना मी दिसेनाशी झाले, तरी आतून त्यांचं चालूच होतं. "कुठे आहेस?" "दारात." "दम लागलाय का?" "लागलाय." "मग थांब." थांबले. सोफ्याखाली इतकी धूळ असते हे मला तेव्हा कळलं. झाडण्याचं काम मुकादमांकडे आहे, तो विषय मी नंतरसाठी राखून ठेवला.

खुर्चीशी पोचले. दोन्ही तळवे बैठकीवर ठेवले.

"चांगला पाय कुठला?" आतून आवाज आला.

"डावा."

"तो पुढे. पाऊल पूर्ण टेकव, नुसती बोटं नकोत. आता हातांनी खाली दाब आणि पायाने वर."

दाबलं. पाय थरथर कापायला लागला, हात लटपटले, आणि मी पुन्हा गुडघ्यावर आले. दुसऱ्यांदा तेच. डोकं बैठकीवर टेकवून तशीच राहिले. मला धाकटीचा तो चेहरा आठवला, तिच्या घरातली खिडकीजवळची एकुलती एक खाट आठवली, आणि थोरल्याच्या घरी कोपऱ्यात बसून टीव्हीकडे न बघणारे मुकादम दिसायला लागले. 

"नाही जमत हो," मी म्हटलं. रडले, हो. थोरल्याला सांगू नका.

 आतून मुकादमांचा आवाज आला, पण तो टोळीवर ओरडणारा आवाज नव्हता.

"मला तुझ्याशिवाय तिकडे राहायचं नाहीये गं."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला असलं काही म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे, हे म्हटलं होतं. चष्मा कुठे ठेवलास, हे म्हटलं होतं. हे बोलायला त्यांना फरशीवर पडावं लागलं आणि मधे एक भिंत लागली. माझा राग, माझं प्रेम, जे काय असेल ते, सगळं एकदम उसळून आलं.

"मग सांगा ना पुढचं!" मी ओरडले. "गप्प का बसलात?"

"पाऊल खुर्चीच्या जवळ घे," ते लगेच म्हणाले. "लांब ठेवतेयस तू, म्हणून जोर फुकट जातोय. नाक खुर्चीच्या पुढे जाऊ दे. आणि आता... हां... चल!"

मी पाऊल जवळ घेतलं, नाक पुढे नेलं, आणि ढुंगण वर आलं. गुडघा सरळ झाला. मी खुर्चीला धरून उभी होते! मग हळूच फिरले आणि बसले.

"बसले!"

"काय?"

"खुर्चीवर बसले हो! एकटी!"

आतून जी आरोळी आली ती पियानो वरच्या मजल्यावर पोचल्यावर टोळी ठोकते तशी होती. शेजारणीला ऐकू गेली नाही कशी याचं मला अजून नवल वाटतं.

मग मुकादमांची पाळी. आता मला ओट्यावरचा फोन आणता आला असता, कडीही काढता आली असती. ते मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "तू उठलीस आणि मला काय शेजारीण उठवणार?" मी ती जड खुर्ची पुढे ढकलत ढकलत शिवणाच्या खोलीच्या दारात नेली, भिंतीला नीट टेकवली आणि मशीनवर एक हात ठेवून उभी राहिले.

"जरा हात दे," ते म्हणाले.

हात द्यावासा इतका वाटला की मी मोकळा हात पाठीमागे नेऊन साडीचा पदर मुठीत धरला. "हात मिळणार नाही. कुशीवर वळा."

हा माणूस जन्मभर हुकूम सोडत आला, ऐकायची सवय नाही. कुशीवर वळा म्हटलं तर म्हणाले, "कमरेत चमक आहे." कोपर टेकवा म्हटलं तर म्हणाले, "टेकवतोच आहे, घाई कशाला करतेस?" पाऊल जवळ घ्या म्हटलं तर, "ते मीच तुला सांगितलं." तरी एकेक करत ते कुरकुरत, कण्हत, मला उलट उत्तरं देत गुडघ्यांवर आले, मग खुर्चीवर हात, मग एक पाय, आणि मग हळूहळू सगळे मुकादम वर आले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. डोळे भरले होते.

"तुला उचलता आलं नाही मला," ते म्हणाले.

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मग का कुणास ठाऊक, आम्हाला हसू फुटलं. मशीनला टेकून मी आणि खुर्चीला टेकून ते, इतकं हसलो की पुन्हा पडायची वेळ आली. मग चहा केला. भरपूर साखर घातली.

संध्याकाळी मुलं आली. आम्ही ठरवलं होतं, ब्र काढायचा नाही. मी साडी बदलली होती, ढोपर झाकलं होतं, मुकादमांच्या कमरेला मलम चोळून आणि शेक देऊन झाला होता. पण माझी मुलगी माझ्याच पोटची. ती दारातून आत आली, बाबांची चाल पाहिली, मग सरळ वाकली आणि माझ्या डोक्यामागून केसांत अडकलेली निळ्या धाग्यांची गुंतवळ काढली.

"हे जमिनीवरचं आहे," ती म्हणाली. "आई, पडलीस तू."

मुकादम छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो. पडले. आणि हेही पडले."

झालं! थोरल्याने कपाळावर हात मारला. धाकटी मटकन सोफ्यावर बसली. मला तिचं फार वाईट वाटलं. थोरल्याने खिशातून फोन काढला. "शब्द म्हणजे शब्द, आई. मी लंबूला फोन लावतो." लंबू म्हणजे मुकादमांच्याच टोळीतला जुना माणूस, आता त्याची स्वतःची गाडी आहे आणि थोरल्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"लाव," मी म्हटलं, "पण आधी मी उठले कशी ते विचार."

"बाबांनी उचललं असेल."

"बाबांनी पाडलं!" मुकादम छाती पुढे काढून म्हणाले. "उठली ती स्वतः."

"तुम्ही शेजारी होतात म्हणून," धाकटी म्हणाली. "बाथरूममध्ये कोण होतं? ती एकटी असली तर?"

तिचा प्रश्न खरा होता. माझ्याकडे त्याला उत्तर एकच होतं आणि ते तोंडाने देण्यासारखं नव्हतं. मी जड खुर्ची भिंतीला लावली, गणवेशाच्या कापडाचा गठ्ठा आणून टाकला आणि खुर्चीला धरून हळूहळू फरशीवर उतरले. मग मुलांच्या देखत सरळ आडवी झाले.

"आई, काय चाललंय!" थोरला फोन कानाला लावूनच ओरडला.

"कुणी हात लावायचा नाही," मी खालून म्हटलं. "आणि अहो, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी एकटी आहे असं समजा."

हे मुकादमांसाठी माझ्या उठण्यापेक्षाही अवघड होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

कुशीवर वळले. कोपर. तळवा. सकाळपेक्षा अंग जड झालं होतं, मुका मार ठणकत होता. गुडघ्यांवर आले आणि तिथे अडकले.  धाकटी सोफ्यावरून उठली, हात पुढे करून माझ्याकडे यायला निघाली, आणि तेवढ्यात मुकादम मधे आले. ज्या माणसाने भर वर्गात मला पुन्हा पुन्हा उचललं, तो दोन्ही हात पसरून लेकीच्या वाटेत उभा राहिला. तोंडावरचा हात निघाला होता, पण तोंड मिटलेलंच होतं. फक्त मान नकारार्थी हलत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी रांगत खुर्चीशी गेले. तळवे ठेवले. डावा पाय पुढे घेतला, जवळ घेतला, पाऊल पूर्ण टेकवलं. पाय कापत होता. कापू दे म्हटलं. दम घेतला. नाक पुढे नेलं, दाबलं, आणि उभी राहिले.

बसले मात्र नाही. मुद्दाम. खुर्चीवरचे हात सोडले, पदर सारखा केला आणि दोन्ही पोरांकडे बघत ताठ उभी राहिले. आयुष्यात पुष्कळ वेळा उभी राहिले असेन, पण अशी मजा कधी आली नाही!

धाकटीने येऊन मला मिठी मारली ती इतकी घट्ट की मी तिला म्हटलं, "आता तूच पाडशील." ती हसत होती की रडत होती, देव जाणे. "पुन्हा कधी एकटी पडलीस तर असंच करायचं," ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "आणि फोन सतत जवळ ठेवायचा. आणि दिवसा कडी लावायची नाही."

"ठेवते. नाही लावत," मी म्हटलं. "आणि वाटणी?"

धाकटीने थोरल्याकडे पाहिलं. थोरला तसाच उभा होता, कानाला फोन लावून, तोंड उघडं टाकून. फोनमधून केव्हापासून कुणीतरी "हॅलो, हॅलो, कधी आणू गाडी?" म्हणत होतं.

"गाडी नको," थोरला शेवटी म्हणाला.  "नाही रे, पुढे ढकलायची नाहीये, रद्द कर. दोघं इथेच राहतायत."

मुकादमांनी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. सकाळपासून जे लपवायला आम्ही जिवाचा आटापिटा केला होता ते त्यांनी खिडकीपाशी जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अरे लंबू, पडलो होतो आज! दोघंही! आणि दोघंही उठलो!"

लंबूने पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण मुकादमांनी त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि ते जिथे जिथे चुकले तिथे मी शेजारी उभी राहून दुरुस्त करत गेले.